चपला मोजून सोडलेली लाईट

मला बोलायला आवडतं, हे आमच्या सबस्टेशनच्या भिंतींनाही माहीत आहे. धारूरच्या डोंगराच्या पायथ्याला, रस्त्यापासून जरा आत, काटेरी कुंपणाच्या मधोमध आमची दोन खोल्यांची इमारत आहे. एका खोलीत पॅनल, दुसरीत बॅटऱ्या आणि आमचे जेवणाचे डबे. बाहेर ट्रान्सफॉर्मर सतत घुमत असतो. त्याच्यावर आवाज चढवून बोलायची सवय लागल्यामुळे मी घरीही नाटकातल्यासारखा बोलतो, असं बायको म्हणते. मी ऑपरेटर. आसपासच्या गावांची लाईट बंद करायची आणि सोडायची, हे माझं काम. हातभर लांबीची एक मूठ इकडून तिकडे फिरवायची. त्यात फार वेळ जात नाही, म्हणून उरलेल्या वेळात मी गोष्टी सांगतो. एकदा पॅनलमध्ये धामण शिरली होती. ती मी अशी रंगवून सांगतो, की त्या धामणीलाही वाटावं आपण नागीण होतो.

पण एक गोष्ट मी पाच महिने कुणालाही सांगितली नाही.

त्या गोष्टीत तीन माणसं आहेत. एक मी. दुसरे आमचे वायरमन, ज्यांना सगळे नाना म्हणतात. रिटायरमेंटला आलेले, अंगानं दांडगे, गुडघ्यांनी दुबळे. तिसरे मामा. मामांना पद नव्हतं. आमच्या भागात अशा माणसाला झिरो वायरमन म्हणतात. गावातलाच कुणीतरी हुशार माणूस वायरमनच्या हाताखाली काम शिकतो, खांबावर चढतो, फ्यूज टाकतो, तारा जोडतो, आणि कंपनीच्या कुठल्याही कागदावर त्याचं नाव नसतं. सुगीत लोक त्याला ज्वारी-बाजरी देतात, लग्नात पहिल्या पंगतीला बसवतात आणि लाईट गेली की शिव्याही त्यालाच देतात. वरून विचारणा झाली की आम्ही लिहून द्यायचो, आमच्या सेक्शनला असा कोणीही इसम नाही. मामा तेव्हा बावन्न वर्षांचे होते आणि गेली बावीस वर्षं ते आमच्या सेक्शनला नव्हते.

आमच्या कामाची पद्धत सोपी आहे. खांबावर चढण्याआधी वायरमन मला फोन करून लाईन बंद करून घेतो. याला परमिट म्हणतात. मी वहीत त्याचं नाव आणि वेळ लिहितो. काम संपून सगळे खाली उतरले, की तोच फोन करून परमिट परत करतो आणि मी लाईट सोडतो. वहीत नाव एकाचंच असतं.

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. नाना एका खांबावर होते, मामा डोंगराच्या वळणापलीकडच्या दुसऱ्या खांबावर. नानांचं काम आटोपलं. मामांचं काम नेहमी नानांच्या आधी व्हायचं, म्हणून आजही झालंच असेल असं धरून नानांनी परमिट परत केलं. मी त्या वेळी आमच्या वॉचमनला एका वराची गोष्ट सांगत होतो, जो लाईट गेल्यावर भलत्याच मांडवात जाऊन बसला होता. गोष्ट रंगात आली होती. वर घोड्यावरून उतरतो तो अभिनय करायला मला हात हवा होता, आणि नेमकी मूठ हाताशी होती. वर उतरला, मूठ फिरली, वॉचमन पोट धरून हसला.

त्याच क्षणी धाडकन आवाज होऊन फीडर, म्हणजे गावांकडे जाणारी मुख्य लाईन, पुन्हा बंद पडला. घंटा वाजायला लागली.

अर्ध्या तासानं मामा मोटारसायकलवर आले, त्यांच्या मागोमाग नाना. मामांनी डोक्याला बांधायचा आपला पांढरा रुमाल माझ्या टेबलावर ठेवला. निम्मा जळून काळा झाला होता. खांबाच्या आडव्या लोखंडावर तो टाकून, तारेचं एक टोक तसंच लोंबतं सोडून, ते खाली उतरले होते.

"बांधायची तार पिशवीत राहिलती," मामा म्हणाले. "ती घ्याया उतरलो. पिशवी हातात घेतली आन वर जाळ झाला."

नाना खुर्चीवर बसले. "मला वाटलं तू गेला घरी."

"आमी मेलो असतो तर वहीत काय लिवलं असतं ओ, ऑपरेटर साहेब?" मामांनी अगदी सरळ विचारलं, जसं कुणी एसटीची वेळ विचारावी. "कोण मेलं म्हणून?"

मी वही ओढली आणि लिहिलं: फीडर बंद पडला. कारण, झाडाची फांदी.

मामांना वाचता येत होतं. "तिथं झाडच न्हाई, साहेब."

"मग लावू एखादं," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही.

आम्ही तिघांनी मिळून गप्प बसायचं ठरवलं. कागदावर आलं असतं तर नाना आणि मी निलंबित झालो असतो, आणि मामांना पुन्हा खांबाजवळ कुणी उभं केलं नसतं. पण मामा त्यानंतरही खांबावर चढत होते, वहीत त्यांचं नाव नव्हतंच, आणि मूठ माझ्याच हातात होती. प्रत्येक वेळी परमिट परत आलं की मी नानांना विचारायचो, "मामा उतरले का?" नाना म्हणायचे, "उतरलाय." ते बघून सांगतायत की धरून चालतायत, हे मला कधी कळत नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला नव्या इंजिनियर मॅडम आल्या. आष्टीकडच्या, किराणा दुकानदाराची मुलगी, अजून तिशीही न गाठलेल्या. नाना म्हणाले, "पोरगीच हाय की. धा दिवसात बदली मागती का न्हाई बघ." त्यांनी बदली मागितली नाही. त्यांनी सोमवारची बैठक स्वतःच्या ऑफिसातून उचलून आमच्या पॅनलच्या खोलीत आणली. त्या खोलीत चपला घालून जायचं नाही, हा आमचा जुना शिरस्ता. देव्हाऱ्याइतकी ती खोली आम्ही पाळतो. मॅडमनीही सँडल उंबऱ्याबाहेर काढून ठेवले. आधीच्या साहेबांच्या बैठकीत साहेब बोलायचे आणि आम्ही आपापल्या पायाच्या अंगठ्यांकडे बघायचो. या मॅडमनी विचारलं, "गेल्या आठवड्यात काय होता होता राहिलं?"

आम्ही सवयीनं अंगठ्यांकडे बघितलं.

शांतता मला सोसत नाही. मी उठून धामणीची गोष्ट सांगितली, साभिनय. मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "छान सांगता. आणि दुसरं?"

"दुसरं काही नाही, मॅडम."

"बरं."

दुसऱ्या सोमवारी मी माकडाची गोष्ट सांगितली. त्या दिवशी मॅडमचं लक्ष फाटकाशी उकिडव्या बसलेल्या मामांकडे गेलं. "ते कोण?" मी म्हणालो, "गावातले आहेत. चहा आणतात." मामा किटली घेऊन दारापर्यंत आले, तेव्हा मॅडमनी त्यांच्या हाताकडे बघितलं. तळव्यावर तारेचे जुने वळ होते. त्यांनी ग्लास घेतला आणि बैठक पुढं चालू केली.

तिसऱ्या सोमवारी मी घसा साफ करत होतो, तर मॅडम म्हणाल्या, "आज मी सांगते." त्यांच्या पहिल्याच नेमणुकीत त्यांनी बंद लाईनला अर्थिंग न करता, म्हणजे तारेत उरलेला करंट जमिनीत न सोडता, हात लावला होता. मागं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या वायरमननं त्यांची वेणी धरून त्यांना मागं खेचलं. "वेणी धरून," त्या म्हणाल्या. "तीन दिवस मान वळत नव्हती. मी ते कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, लोक म्हणतील, बाईमाणूस, हिला काय कळतं. पुढं तिथंच दुसऱ्या एकाकडून तीच चूक झाली. त्याला ओढायला मागं कुणी नव्हतं." एवढं बोलून त्यांनी चहा संपवला. पुढं काही उपदेश केला नाही.

मग नाना बोलले. "कंपनीनं दिलेले बूट मी घालत न्हाई, मॅडम. पुतण्याच्या लग्नात घातलते, तेवढंच."

आम्हाला वाटलं, आता नाना मेले. मॅडमनी विचारलं, "चावतात का?"

नानांचा चेहरा असा झाला, जणू कुणी बऱ्याच वर्षांनी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. "लई चावतात. आन बुटात खांब पायाला कळत न्हाई."

पुढच्या सोमवारी निरनिराळ्या मापांचे बूट आले. मॅडमनी सगळ्यांना अर्धा तास खडीवर चालायला लावलं, स्वतःही चालल्या. त्याच आठवड्यात नाना त्यांना दगडानं खांब ठोकून आवाजावरून आतून गंजलेला खांब कसा ओळखायचा ते शिकवत होते, आणि मॅडम धुळीत बसून खांबाला कान लावून ऐकत होत्या. हळूहळू लोक बोलायला लागले. एकानं रबरी हातमोज्याला भोक असल्याचं सांगितलं, दुसऱ्यानं शिडीची तुटकी पायरी. जे सांगतील ते दुरुस्त होत होतं आणि सांगणाऱ्याला कुणी बोलत नव्हतं. मी मात्र दर सोमवारी एक नवी गोष्ट घेऊन उभा राहायचो. माझ्याइतकं बोलणारा आणि माझ्याइतकं लपवणारा त्या खोलीत दुसरा कुणी नव्हता. आणि फाटकाशी मामा उकिडवे बसलेले असायचे.

पावसाळ्याआधी संपूर्ण फीडर बंद ठेवून देखभालीचं काम निघालं. एकाच दिवशी चार ठिकाणी माणसं खांबावर चढणार होती. बैठकीत मॅडम नावं लिहून घेत होत्या. तीन ठिकाणची नावं झाली.

"चौथ्या ठिकाणी?" त्यांनी विचारलं.

"बघतो मी," नाना म्हणाले. "कुणीतरी जाईल."

तो कुणीतरी दाराशी चहाचे ग्लास भरत होता.

मी उभा राहिलो. मी उभा राहिलो की लोक हसायच्या तयारीनं सावरून बसतात. "हरभऱ्याला पाणी चालू होतं," मी सुरुवात केली, "आणि मी वॉचमनला त्या नवरदेवाची गोष्ट सांगत होतो..." वॉचमन आधीच हसायला लागला. मी मूठ फिरवल्याचं सांगितलं, लोक हसले. घंटा वाजल्याचं सांगितलं, हसले. वहीत झाडाची फांदी लिहिली म्हणालो, तेव्हा तर एकानं मांडीवर थाप मारली. नाना तेवढे मान खाली घालून बसले होते. लोकांनी हसू नये असं मला जन्मात पहिल्यांदा वाटत होतं, आणि ते थांबत नव्हते. मी इतकी वर्षं त्यांना तशीच सवय लावली होती.

मामांनी किटली खाली ठेवली. बाहेर जाऊन मोटारसायकलच्या डिकीतून तो जळका रुमाल आणला आणि उंबऱ्यातूनच हात लांबवून मॅडमसमोर धरला. "त्या खांबावर आमी होतो."

मग कुणी हसलं नाही.

मॅडमनी रुमाल मांडीवर घेतला. उलगडला, परत घडी केली. कोणाची चूक, हे त्यांनी विचारलं नाही. मला म्हणाल्या, "तुमच्या जागी मी असते, तर वर अजून एक माणूस आहे हे मला कशानं कळलं असतं? वहीवरून?"

"नाही."

"फोनवरून?"

"नाही, मॅडम."

"मग कशानं?" त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. मग त्या दाराकडे वळल्या. "मामा, आत या. खुर्चीवर बसा."

बावीस वर्षांत मामा त्या खोलीत बसले नव्हते. ते उंबऱ्याशी आले, चपला काढायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. बाहेर आमच्या सगळ्यांच्या चपला पडल्या होत्या.

"एक बोलू का, मॅडम? देवळात आत किती माणसं हायती, हे पुजाऱ्याला इचारावं लागत न्हाई. भायेर चपला मोजल्या की झालं. कामावर जाणाऱ्यानं हितं चपला ठिवायच्या आन बूट घालून जायचं. परत येऊन त्यानं सोताच्या चपला घातल्या, की मगच लाईट सोडायची. साहेब असू द्या न्हाई तर आमच्यासारखा. चपलंला काय पद नसतंय."

"आन कुणी चपला चोरल्या तर?" नाना म्हणाले.

"तुझ्या चपला कुत्रंबी नेत न्हाई, नाना."

आता हसू आलं, पण जरा जपून. मॅडम हसल्या नाहीत. त्या लिहून घेत होत्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "हे करायचं. आता दोन गोष्टी सांगते, त्या तुम्हाला आवडणार नाहीत. वहीतली फांदी खोटी आहे, ते मला वर कळवावं लागेल. नोटीस येईल. मागून कुणाकडून कळण्यापेक्षा तुम्ही स्वतः सांगितलंत, हेही मी लिहीन. आणि मामा, आजपासून तुम्ही खांबावर चढायचं नाही."

मामांचा चेहरा उतरला. "मग आमी काय करावं? गुरं राखू?"

"ठेकेदाराच्या यादीत तुमचं नाव लावायला बघते. खालच्या कामाला. दोर, फांद्या, खालून लक्ष ठेवणं. तोपर्यंत खांबाजवळ जायचं नाही."

"बावीस वर्षं वर होतो, मॅडम."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "कुणाच्याच कागदावर नव्हतात."

नोटीस आली. नानांना आणि मला लेखी ताकीद मिळाली. नाना आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते तंबाखू मागायला. मॅडम मामांचा कागद घेऊन वरच्या ऑफिसात किती वेळा गेल्या ते मला माहीत नाही. देखभालीचं काम त्यासाठी आठवडाभर पुढं ढकललं, एवढं माहीत आहे. अखेर यादी आली. 'मदतनीस' या शब्दापुढे मामांचं पूर्ण नाव छापलेलं होतं. ते नाव आमच्यापैकी निम्म्या लोकांनी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

कामाच्या दिवशी सकाळी पॅनलच्या खोलीबाहेर एक फळी ठोकली आणि तिच्यावर चपला ओळीनं लागल्या. कामावर निघालेल्या प्रत्येकाचा एकेक जोड. मामांच्या चपलेचा अंगठा ॲल्युमिनियमच्या तारेनं शिवलेला होता. नव्या बुटांत ते लग्नातल्या पाहुण्यासारखे अवघडून चालत गेले.

दुपार उलटली तशी माणसं परत यायला लागली. येईल तो बूट काढायचा, आपल्या चपला घालायचा, पाणी प्यायचा. पाचच्या सुमाराला नाना आले. परमिट परत केलं, वहीत सही केली. "झालं सगळं. सोड लाईट."

फळीवर एक जोड शिल्लक होता. अंगठ्याला तार.

"मामा कुठंय?"

"असंल मागं. त्याला काय चढायचंय? खालीच हाय तो. सोड."

"बघितलंत का तुम्ही?"

नानांनी खिशातून फोन काढला. मामांचा फोन लावला, तो बंद. एक माणूस मोटारसायकलवर शोधायला पाठवला. तोपर्यंत गावांचे फोन सुरू झाले होते. दिवसभर लाईट नव्हती. पिठाच्या गिरणीपुढं रांगा, जनावरांच्या हौदात पाणी नाही. मग एका पुढाऱ्याचा फोन आला.

"ऑपरेटर, कावून सोडीना लाईट?"

"एक माणूस यायचा राहिलाय."

"वायरमन तर म्हणतो सगळे आले."

"चपला राहिल्यात."

"चपलंपायी सारी गावं बसवून ठिवतो का बे? येऊ का तिकडं?"

माझा हात मुठीवर होता. खरं सांगायचं तर मामा खालीच असणार हे मलाही वाटत होतं. हरभऱ्याच्या दिवसांत नानांनाही असंच वाटलं होतं. मी हात काढून घेतला आणि मॅडमना फोन लावला. त्या आपल्या ऑफिसात होत्या.

"किती जोड आहेत?" त्यांनी विचारलं.

"एक."

"मग थांबा. ज्यांचे फोन येतील त्यांना माझा नंबर द्या. मी बोलते."

त्यांनी एवढंच विचारलं. कोणाचा जोड, तुमची खात्री आहे का, यातलं काही नाही. त्यानंतर माझा फोन जवळजवळ गप्प झाला. ती सगळी बोलणी कुणी खाल्ली असतील, ते उघड होतं.

"सांगा की एखादी गोष्ट," वॉचमन म्हणाला. "तेवढाच वेळ जाईल."

मला एकही आठवली नाही. आम्ही सगळे दारात उभं राहून रस्त्याकडे बघत होतो. नाना गुडघ्यावर हात ठेवून फळीशेजारी बसले होते, आणि मधूनच तो तारेनं शिवलेला अंगठा बोटानं दाबून बघत होते.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा मामा आले. शोधायला गेलेला माणूस डांबरी रस्त्यानं गेला होता, आणि मामा पाणंदीनं चालत आले. पाय अनवाणी, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात अडकवलेले. दोन्ही टाचा सोलून रक्त आलं होतं.

नाना उठले. "कावून रे एवढा उशीर?"

"बूट चावले."

"फोन?"

"बंद पडला."

"चढलाबिडला न्हाईस ना?"

मामांनी त्यांच्याकडे बघितलं. "नाव हाय आता कागदावर. कशाला चढू?"

नळाखाली पाय धुऊन मामा फळीपाशी आले. चपला खाली घेतल्या, एकेक करून पायात घातल्या, तारेचा अंगठा नीट बसवला. मग मोकळी फळी मला दाखवली.

"सोडा."

मी दोन्ही हातांनी मूठ धरली आणि फिरवली. घंटा वाजली नाही. खालच्या गावांमधले दिवे लागत गेले.

वहीत लाईट उशिरा सोडल्याची नोंद करायची होती. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: एक जोड चपला शिल्लक. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याखाली सही केली आणि मामांच्या पायाचं माप घेतलं.